आत्तापुरता आवळलेला स्क्रू: एका हँगरमधलं प्रकरण

हौसेनं अल्ट्रालाइट विमानं उडवणाऱ्या सहा जणांच्या एका गटात घडलेली ही हकिगत आहे. जागा, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सहांपैकी एक मी. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, त्या संध्याकाळी मीच लावलं होतं. त्यामुळे हे लिहिणारा बाहेरचा परीक्षक आहे असं कुणी समजू नये.

पार्श्वभूमी

एक हँगर, तीन विमानं, सहा माणसं. तिन्ही विमानं नळ्या आणि डेक्रॉन कापडाची. ज्या विमानाची ही गोष्ट, ते दोन आसनी, वर पंख असलेलं आणि रोटॅक्स ९१२ बसवलेलं. ८० अश्वशक्तीचं हे चार सिलिंडरी इंजिन या छंदात अगदी घरचं झालेलं आहे.

गटातल्या ज्येष्ठांना सगळे काका म्हणतात. त्यांचं उभं आयुष्य यंत्रशाळेत गेलं. हात असा की पाना न लावता, नुसतं बोट फिरवून बोल्टचे आटे गेलेत का ते सांगतील. विमानाचा मालक दुसरा. आम्ही त्याला मालकच म्हणतो. दादा जुना वैमानिक, हाताला जरा घाई. ताई सगळ्यांत नवी, दोन महिन्यांपूर्वी आलेली, शस्त्रक्रियागृहात परिचारिका. सहावा गृहस्थ त्या दिवशी नव्हता. पुढे तो गटच सोडून गेला, त्याचं येईलच.

देखभालीची आमची पद्धत म्हणजे पद्धत नसणं. कुणाचं काम निघालं की सगळे हजर. एक धरतो, एक फिरवतो, एक बॅटरी दाखवतो, एक सल्ला देतो. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे लोक उडण्यापेक्षा या गर्दीसाठीच हँगरवर येतात. दुसऱ्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून दिवस काढण्यात जे सुख आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. आणि या गर्दीचे फायदेही खरे होते. पाच वर्षांत कितीतरी बारीक तडे, सैल पट्ट्या, घासलेल्या नळ्या या फुकटच्या डोळ्यांनीच पकडल्या.

काम झालं ती संध्याकाळ

काम ठरलेलं होतं. या इंजिनावरचे रबरी भाग दर ५ वर्षांनी बदलायचे असतात, मग इंजिन कितीही कमी चाललेलं असो. इंधनाच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, आणि मुख्य म्हणजे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ज्यावर बसतो ते रबरी सॉकेट. ते आतून तडकलं तर मिश्रणात फालतू हवा शिरते, आणि फारच गेलं तर कार्ब्युरेटर सुटूही शकतो. काकांनी कागदावर यादी केली होती. एकेक भाग बदलला की त्यावर काट मारायची. संध्याकाळी साडेपाचला यादी संपली. एकही ओळ राहिली नव्हती.

घोळ यादीबाहेरच्या कामात झाला. सॉकेट बदलायला दोन्ही कार्ब्युरेटर काढावे लागतात, ते काढले की थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांड्याच्या, तारा सोडाव्या लागतात, आणि परत जोडल्या की दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवाव्या लागतात. एक कार्ब्युरेटर दोन सिलिंडरांना पाजतो, दुसरा उरलेल्या दोघांना. एक जास्त उघडा आणि एक कमी, असं झालं की इंजिन थरथरतं आणि मार गिअरबॉक्स खातो. म्हणून दोघांना जोडणारी नळी काढून तिथे व्हॅक्युमची दोन घड्याळं लावायची, इंजिन चालू करायचं, काटे बघायचे, इंजिन बंद करायचं, तार किंचित सैल-घट्ट करायची, पुन्हा चालू करायचं.

तारेचं दुसरं टोक कार्ब्युरेटरच्या दांडीवर एका छोट्या स्क्रूखाली दाबलेलं असतं. तार पुढेमागे करायची तर तो सोडावा लागतो. काका घड्याळांपाशी, दादा डाव्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूपाशी, मालक आत थ्रॉटलवर, मी अग्निशामक घेऊन उभा. पहिल्या फेरीत डावा काटा खाली. इंजिन बंद. दादानं तार ओढली.

"आत्तापुरता आवळ," काका म्हणाले, "परत सोडायचाच आहे."

दुसऱ्या फेरीत फरक निम्म्यावर आला. पुन्हा सोडला, पुन्हा आत्तापुरता आवळला. तिसऱ्या फेरीत दोन्ही काटे असे एका रेषेत उभे राहिले की आम्ही ओरडलोच. मालकानं इंजिन बंद केलं आणि उडी मारून खाली उतरला. उजेड जायला तासभर होता, वारा पडला होता, काकांना एक चक्कर मारून बघायची होती. घड्याळं निघाली, नळी परत बसली, मी काउलिंग लावलं.

डावा स्क्रू आत्तापुरताच राहिला. काकांना वाटलं, दादानं शेवटचा दाब दिला असणार, स्क्रूपाशी तोच होता. दादाला वाटलं, काका नेहमीप्रमाणे शेवटी सगळ्यावरून पाना फिरवतील. मला काहीच वाटलं नाही. मी झाकण लावत होतो.

काका वीस मिनिटं उडून आले. इंजिन लोण्यासारखं चालतंय, म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली होती, आणि ती त्यांनी सांगितली नाही. उतरल्यावर थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी इंजिन जायच्या आधीपेक्षा मिनिटाला दोनेकशे फेरे जास्त फिरत होतं, आणि किंचित हलत होतं. "नवीन रबर आहे, बसेल," असं त्यांनी मनाशीच ठरवलं. मालक तोवर घरी गेला होता.

हवेत

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक एकटाच निघाला. इंजिन सुरू केल्यावर खालच्या फेऱ्यांवर त्यालाही ते थोडं खडबडीत वाटलं. त्याचा विचार त्याच्याच शब्दांत: "म्हटलं, काकांनी काल उडवून बघितलंय, मग मी कोण शंका घेणारा?"

पाऊण तास सगळं सुरळीत. परत येऊन धावपट्टीला समांतर, डाउनविंडवर, आठशे फुटांवर त्यानं उतरण्यासाठी थ्रॉटल मागे ओढला, आणि अख्खं विमान हादरायला लागलं. थ्रॉटल शेवटच्या टोकाला मागे, पण फेऱ्यांचा काटा चार हजारांवर. तार डाव्या स्क्रूखालून सरकली होती.

इथे या इंजिनाची एक खोड माहीत असायला हवी. कार्ब्युरेटरच्या दांडीला जी स्प्रिंग असते ती दांडीला बंद करायला नाही, पूर्ण उघडायला ओढते. थ्रॉटल मागे घेताना आपण तारेनं त्या स्प्रिंगशी झुंजत असतो. तार तुटली तर इंजिन मंदावून खाली पडण्यापेक्षा पूर्ण ताकदीनं चालत राहावं आणि वैमानिकाला एखाद्या मैदानापर्यंत नेता यावं, हा त्यामागचा विचार. विचार योग्यच आहे. पण दोनपैकी एकच तार सुटली तर डावी दोन सिलिंडरं पूर्ण जोरात आणि उजवी दोन झोपेत, अशी अवस्था होते.

मालकानं पहिले दहाएक सेकंद चूक केली, असं तो स्वतःच म्हणतो. तसंच हादरत उतरायचा प्रयत्न केला. पण चार हजार फेऱ्यांवर हे हलकं विमान खाली यायचं नाव घेत नाही. वेग वाढतो, धावपट्टी पायाखालून निघून जाते. शिवाय त्या हादऱ्यांनी इंजिनाचे माउंट किती वेळ टिकतील कोण जाणे.

मग त्यानं केलं ते मला अजूनही फार आवडतं. थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. उजवा कार्ब्युरेटरही पूर्ण उघडला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आणि थरथर जादूनं थांबावी तशी थांबली. आता त्याच्याकडे एक चांगलं चालणारं इंजिन होतं, फक्त ते एकाच ताकदीवर चालणारं. त्यानं रेडिओवर सांगितलं, धावपट्टीच्या डोक्यावरच गोल फिरत चढला, तेलाचं तापमान आणि फेऱ्या डोळ्याखाली ठेवल्या. या इंजिनाला सलग ५,५०० फेरे चालतात. ५,८०० जास्तीत जास्त पाच मिनिटं. दोन हजार फुटांवर पोहोचल्यावर इग्निशनची दोन्ही बटणं बंद केली. पंखा थांबला. बाकीचं काम तरंगत उतरायचं.

पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांच्या विमानांना आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता. वैमानिक उतरताना इग्निशन बंद-चालू करत ताकद सांभाळायचे. हा पर्याय मालकाच्या डोक्यात आला होता. त्यानं सोडून दिला, आणि बरं केलं. प्रत्येक बंद-चालूचा झटका गिअरबॉक्सनं खाल्ला असता, आणि शेवटच्या क्षणी इंजिन कोणत्या बाजूला आहे याचा भरवसा नव्हता.

तो मुद्दाम उंच आला, साइडस्लिप करून, म्हणजे विमान तिरकं धरून घसरवत, जास्तीची उंची घालवली, आणि धावपट्टीच्या पाऊण भागापलीकडे जाऊन थांबला. विमानाला ओरखडासुद्धा नाही.

काउलिंग काढलं. स्क्रू बोटानं पाऊण फेरा फिरला. तारेवर एका जागी धागे जरा चपटे झाले होते, आणि त्यापुढे नखभर लांबीची चकचकीत रेघ. म्हणजे तार एकदम सुटली नव्हती. प्रत्येक वेळी थ्रॉटल मागे घेताना केसभर सरकत आली होती, काकांच्या उड्डाणापासूनच. ती वाढलेली दोनशे फेऱ्यांची गती म्हणजे नवं रबर नव्हतंच.

अडचण नेमकी काय होती

पहिले दोन दिवस आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो: कुणी केलं? दादा म्हणाला, काका शेवटी बघतात. काका म्हणाले, मी तुला आवळ म्हणालो होतो. दोघंही खरं बोलत होते. मग मागे कुणीतरी बोललं की काकांचं आता वय झालं. ते त्यांच्या कानावर गेलं. काकांनी हँगरवर यायचं बंद केलं.

स्क्रू सैल राहणं ही चूक कुणाकडूनही होते. मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. ही चूक पकडायच्या निदान चार संधी होत्या, आणि चारही मैत्रीपोटी हुकल्या. झाकण लावण्यापूर्वी मी विचारू शकलो असतो, "स्क्रू झाले?" काकांना असं विचारणं मला आगाऊपणा वाटला असता. ताईनं नंतर सांगितलं की तिसऱ्या फेरीनंतर पाना कुणी उचललाच नाही हे तिच्या लक्षात आलं होतं; पण नवीन माणसानं कसं बोलायचं? काकांना वाढलेली गती दिसली, पण चांगल्या गेलेल्या दिवसाला गालबोट नको म्हणून ते बोलले नाहीत. मालकाला खडबड जाणवली, पण शंका घेणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं.

विमान देखभालीतल्या मानवी चुकांची बारा कारणांची एक यादी आहे. कॅनडाच्या वाहतूक खात्यात काम करणाऱ्या गॉर्डन ड्यूपाँ यांनी ती १९९३ मध्ये मांडली आणि जगभर ती शिकवली जाते. संवादाचा अभाव, गाफीलपणा, ठामपणे न बोलणं, 'आमच्याकडे असंच करतात' ही वृत्ती, हे सगळं तिच्यात आहे. आमच्याकडे यातल्या प्रत्येकाला आपलेपणा हे गोंडस नाव होतं.

कोणते पर्याय होते

आठवड्यानंतर आम्ही चौघं बसलो, काकांशिवाय. सहावा गृहस्थ दूरध्वनीवर होता.

सगळी देखभाल परवानाधारक तंत्रज्ञाकडे द्यायची, हे त्याचं म्हणणं होतं. वाईट नव्हतं. मोठी कामं तशी द्यावीतच. पण प्रत्येक तार, प्रत्येक नळी बाहेर द्यायची तर विमान महिनोनमहिने उभं राहतं, आणि उडण्याआधी इंजिनाकडे बघणारा माणूस शेवटी मालकच असतो. ज्यानं स्वतः कधी कार्ब्युरेटर उघडला नाही त्याला काउलिंगखाली काय बघायचं तेही कळत नाही.

दादाचं म्हणणं उलट: ज्याचं विमान त्यानंच हात लावावा, दुसऱ्यानं नाही. जबाबदारी स्पष्ट होते, खरं आहे. रागाच्या भरात सगळ्यांना तेच पटलं होतं. पण कार्ब्युरेटर जुळवायला तीन माणसं लागतातच, आणि आपलीच चूक आपल्याला दिसत नाही.

"झालं ते झालं, पुढे जपून राहू," हाही एक पर्याय होता. तो कुणी उच्चारला नाही. पण काही ठरवलंच नसतं तर आपोआप तोच ठरला असता.

ताई शेवटी बोलली. शस्त्रक्रियेत टाके घालायच्या आधी कापसाच्या घड्या आणि हत्यारं मोजतात. जितकी काढली तितकी परत आली तरच पोट शिवायचं. मोजणारी परिचारिका शल्यविशारदाला म्हणते, मोजणी जुळत नाही, आणि तो थांबतो. "त्यात त्यांचा अपमान होत नाही," ती म्हणाली, "कारण मोजणी रोजच होते. शंका आली म्हणून होत नाही."

माझ्यापुरता प्रश्न तिथेच सुटला.

काय केलं

आधी तिन्ही विमानं जमिनीवर. गेल्या वर्षभरात हात लागलेला प्रत्येक स्क्रू बघून त्यावर रंगाची बारीक रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर आणि अर्धी शेजारच्या धातूवर. स्क्रू हलला की रेघ तुटते, हे विमानशास्त्रातलं जुनंच तंत्र. आम्हाला माहीत होतं, आम्ही आळस केला होता. दुसऱ्या विमानावर थ्रॉटलच्या तारेचा एक लॉकनट मोकळा निघाला. तेव्हा सगळे गप्प झाले.

मग फिती. डब्यात दहा लाल फिती, प्रत्येकीवर आकडा. काहीही आत्तापुरतं आवळलं, जोडलं, टेकवलं की तिथे फीत बांधायची. काउलिंग लावण्याआधी डब्यात दहा मोजायच्या. नऊ असतील तर काउलिंग लागत नाही.

आणि दुसरे डोळे. नियंत्रणाच्या कुठल्याही भागाला हात लागला की ज्यानं ते काम केलं नाही आणि काम चालू असताना जो शेजारीही नव्हता, अशा माणसानं ते तपासून वहीत सही करायची. व्यावसायिक विमान देखभालीत ही दुहेरी तपासणी रुळलेली आहे. शेजारी नव्हता ही अट आम्ही घातली, कारण शेजारी उभ्या माणसाला काम झाल्याची आठवण असते, आणि मग तो स्क्रूऐवजी ती आठवण तपासतो.

काकांचं काय? दोघं जण समजूत घालायला गेले, ते बोललेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मालक गेला. माफी वगैरे काही नाही. म्हणाला, "काका, चाकाचे ब्रेक मी स्वतः केलेत. दुसरी सही हवी आहे. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता, म्हणून तुम्हीच चालाल." काका आले. ब्रेकच्या नळीची एक पट्टी उलटी बसवलेली त्यांनी काढली, वहीत सविस्तर लिहिली, आणि मग म्हणाले, आता माझी कामंही कुणीतरी बघा.

काय निघालं

पुढच्या वर्षभरात दुसऱ्या सहीनं चार गोष्टी पकडल्या. सगळ्यांत उपयोगी म्हणजे कार्ब्युरेटरचे तरंगणारे फ्लोट. ते काळानं पेट्रोल शोषून जड होतात आणि मग कार्ब्युरेटर वाहायला लागतो. एका कार्ब्युरेटरमधली जोडी मिळून ७ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दादानं ते काढून, नुसते बघून परत बसवले होते. ताईनं विचारलं, वजन किती भरलं? काट्यावर ठेवले तर मर्यादेबाहेर.

सहावा गृहस्थ गेला. त्याला हा सगळा प्रकार सरकारी कचेरीसारखा वाटला. मित्रांमध्ये वह्या कसल्या, हे त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. पूर्वीची ती बेफिकीर मजा थोडी कमी झाली आहे, ते मान्य करायला हवं.

आणि पद्धतही गंजते. आठव्या महिन्यात मी एक सही न बघता केली. काउलिंग लागलेलं होतं, पाऊस येत होता, काम काकांचं होतं. रात्री झोप लागेना, सकाळी जाऊन उघडून बघितलं. सगळं ठीक होतं. वहीत मी तसं लिहून ठेवलं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

जुळवणीचं काम कागदावरच्या यादीत आधीच घातलं असतं. जे काम मुख्य कामाच्या पोटातून निघतं तेच यादीतून निसटतं. जमिनीवरच्या चाचणीत थ्रॉटल दहा वेळा पूर्ण पुढे, जोरात पूर्ण मागे, आणि दर वेळी दोन्ही दांड्या खुंटीला टेकतात का ते एकानं इंजिन बंद ठेवून बघायचं. दहा वेळात ती तार सरकली असती असं मला वाटतं.

संध्याकाळचं ते चाचणी उड्डाण नकोच होतं. दिवसभर राबलेल्या, काम करणाऱ्याच माणसानं उजेड जायच्या घाईत चाचणी घ्यायची नसते. आणि पहिला तासभर तरी धावपट्टीच्या तरंगत येण्याच्या टप्प्यातच राहायला हवं. मालक ज्या पाऊण तासात लांब गेला होता त्याच वेळात तार सरकली असती तर खाली काय होतं ते मी नकाशावर बघितलं आहे.

इंजिन बंद ठेवून उतरण्याचा सराव मालकानं दोन महिन्यांपूर्वीच केला होता, केवळ गंमत म्हणून, काकांबरोबर पैज लावून. पैज तो हरला होता. आता आम्ही तो सराव दर तिमाहीला करतो, आणि पैज अजूनही लागते.

परवा एक काम संपल्यावर डब्यात नऊच फिती निघाल्या. अंधार पडला होता. काउलिंग बाजूला ठेवून पाच जणांनी बॅटऱ्या घेऊन तासभर इंजिन, आसनांच्या खाली, शेपटीपर्यंत सगळं पालथं घातलं. चार नंबरची फीत काकांच्या शर्टाच्या खिशात होती. काकांनी ती डब्यात टाकली, दहा मोजल्या, आणि म्हणाले, "आता लावा झाकण."